विश्लेषण : एक दिवसही शाळेत न गेलेल्या बिअट्रिक्स पॉटरच्या वह्यांमध्ये नेमके काय होते?

निळा कोट घालून मॅकग्रेगरच्या मळ्यात चोरून शिरणारा पीटर रॅबिट आता मराठी घरांतही ओळखीचा झाला आहे. पुस्तकातून नसला तरी सिनेमातून. त्याला जन्म देणारी इंग्रज लेखिका बिअट्रिक्स पॉटर (१८६६-१९४३) मात्र एक दिवसही शाळेत गेली नव्हती. तिचे सगळे शिक्षण घरात झाले आणि त्यातला बराच भाग वह्यांमध्ये झाला. काही वह्या चित्रांच्या होत्या, काही निरीक्षणांच्या आणि काही अशा लिपीत लिहिलेल्या, की तिच्या मृत्यूनंतर १४ वर्षे त्या कोणालाही वाचता आल्या नाहीत.

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांमध्ये सध्या ‘नेचर जर्नल’ म्हणजेच निसर्गनोंदींच्या वहीची बरीच चर्चा असते. अशी वही एखाद्या मुलाच्या हातात लहानपणापासून तिशीपर्यंत राहिली तर काय घडते, हे पाहायचे असेल तर बिअट्रिक्सइतके पुराव्यानिशी उपलब्ध असलेले उदाहरण सापडणे कठीण. तिच्या वह्या आजही जपलेल्या आहेत. त्या वह्यांनी तिला काय दिले आणि त्या भरण्यामागे काय किंमत होती, हे समजून घेऊ.

घरीच शिक्षण का?

बिअट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन भागातल्या बोल्टन गार्डन्समध्ये झाला. वडील रूपर्ट पॉटर शिक्षणाने बॅरिस्टर. पण घरात पैसा इतका होता, की वकिलीवर पोट भरण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. ते छायाचित्रणात रमत. हा पैसा आला होता कापसातून. बिअट्रिक्सचे दोन्हीकडचे आजोबा लँकेशायरच्या सूत व्यवसायात मोठे झालेले. आजोबा एडमंड पॉटर यांचा मँचेस्टरजवळ कॅलिको म्हणजे छापील सुती कापडाचा प्रचंड कारखाना होता. (कॅलिको हा शब्द आपल्याकडच्या कालिकतवरून गेलेला.)

अशा घरांतल्या मुली त्या काळी सहसा शाळेत जात नसत. घरी राहून किंवा येऊन शिकवणारी गव्हर्नेस ठेवली जाई. त्यामुळे बिअट्रिक्सचे ‘होमस्कूलिंग’ हा आजच्यासारखा विचारपूर्वक केलेला शैक्षणिक प्रयोग नव्हता, ती तेव्हाची रीत होती. तिच्यापेक्षा सुमारे साडेपाच वर्षांनी लहान असलेल्या बर्ट्रमला वेळ आल्यावर रीतसर वसतिगृहाच्या शाळेत पाठवण्यात आले. बहीण घरीच राहिली.

आपल्याला शाळेत घातले नाही हे बरेच झाले, नाहीतर आपल्यातले वेगळेपण घासून गेले असते, अशा अर्थाचे मत तिने पुढे व्यक्त केले होते. घरच्या शिक्षणाचे समर्थक हे मत हमखास सांगतात. मात्र ते जगभर नाव झालेल्या बाईचे मत आहे. सतराव्या वर्षीच्या बिअट्रिक्सच्या नोंदी वाचल्या तर सूर बराच वेगळा लागतो. तो पुढे येईलच.

आठव्या वर्षीच्या वहीत काय होते?

पॉटर कुटुंब १८७१ पासून दर उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या डॅलगाइज हाऊस या घरी जाई. टे नदीच्या काठचे हे ठिकाण. मुक्काम आठवडाभराचा नसे, चांगला काही महिन्यांचा असे. लंडनच्या घरात बंद असलेल्या मुलीला इथे रान, ओढे, ससे, पक्षी आणि किडे मोकळे मिळाले.

१८७५ सालची, म्हणजे ती आठ-नऊ वर्षांची असतानाची, एक छोटी चित्रवही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात सुरवंट आहेत. प्रत्येक सुरवंटाचे रंगीत चित्र आणि त्याच्याबरोबर बालसुलभ अक्षरात माहिती : अंगावर रंग कोणते, केस आहेत का, तो कोणत्या झाडाची पाने खातो, कुठे सापडतो. सुरवंट किती गोड दिसतो किंवा निसर्ग किती सुंदर आहे, असले काही नाही. मुलांच्या निसर्गवहीत मोठी माणसे बहुतेक वेळा हेच शोधतात आणि बिअट्रिक्सच्या वहीत नेमके तेच नाही. जे दिसले ते, जिथे दिसले तिथे, एवढेच.

गंमत म्हणजे त्याच सुमारास तिने कपडे घालून बर्फावर घसरणारे ससेही काढले आहेत. म्हणजे काटेकोर निरीक्षण आणि निव्वळ कल्पना या दोन्ही गोष्टी पहिल्यापासून शेजारी शेजारी होत्या. एक गोष्ट दुसरीला मारत नव्हती.

आईवडिलांकडे पाहण्याचा दृष्टिकोन चरित्रांमध्ये फारसा प्रेमळ नसतो. पण चित्रकलेच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. रूपर्ट स्वतः चित्रे काढत. १८७८ पासून काही वर्षे तिला चित्रकला शिकवायला वेगळ्या शिक्षिका येत. नामवंत चित्रकार जॉन एव्हरेट मिले हे रूपर्ट यांचे मित्र. रूपर्ट त्यांच्यासाठी छायाचित्रे काढून देत. चित्र काढता येणारे खूप असतात, पण तुझ्याकडे निरीक्षण आहे, असे मिले यांनी तिला सांगितल्याची आठवण तिने नोंदवून ठेवली आहे.

तिसऱ्या मजल्यावरची शाळा

बोल्टन गार्डन्समधल्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर मुलांची खोली होती. अभ्यास, खेळ, झोप सगळे तिथेच. या खोलीत दोघा बहीणभावांनी हळूहळू एक प्राणिसंग्रहालयच उभे केले. ससे, उंदीर, बेडूक, सरडे, न्यूट, गोगलगायी, वटवाघळे, हेजहॉग. काही उघडपणे आणलेले, काही लपवून. बेंजामिन बाउन्सर नावाचा ससा तिने पक्ष्यांच्या दुकानातून विकत घेऊन कागदी पिशवीत लपवून घरी आणला होता. त्याला चामडी पट्टा बांधून ती फिरायलाही नेई. पुढे आलेला पीटर पायपर हा ससा तिने शेफर्ड्स बुशमधून साडेचार शिलिंगांना घेतला. तिच्या मते किंमत भरमसाट होती. हाच तो पीटर. तो १९०१ मध्ये मरेपर्यंत सुमारे नऊ वर्षे तिच्या सोबतीला होता.

इथे एक गोष्ट आजच्या पालकांना जरा अंगावर येईल. एखादा प्राणी मेला की ही भावंडे नुसती रडत बसत नसत. त्याचे कातडे सोलून, मांस उकळून वेगळे करून सांगाडा काढला जाई आणि मग त्या हाडांची चित्रे होत. सशाच्या पाठीचा कणा कसा वळतो, मागचे पाय घडी घालून कसे बसतात, हे तिला ठाऊक झाले ते असे. म्हणूनच पीटर रॅबिट कोट घालून दोन पायांवर उभा राहतो तेव्हाही तो खरा ससाच वाटतो, कपडे घातलेला माणूस वाटत नाही.

भावाकडे सूक्ष्मदर्शक होता. तो बिअट्रिक्सच्या हाती लागल्यावर चित्रांचे प्रमाणच बदलले. फुलपाखराच्या पंखावरचे खवले, कोळ्याचे पाय, किड्यांचे अवयव अनेक पटींनी मोठे होऊन कागदावर येऊ लागले. १८८१ मध्ये नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सुरू झाले. तिथल्या काचेच्या कपाटांसमोर बसून ती तासन्‌तास रेखाटने करी. शाळा नव्हती, पण प्रयोगशाळा मात्र जमत गेली.

सांकेतिक लिपीत डायरी कशासाठी?

साधारण १८८१ पासून, म्हणजे पंधराव्या वर्षाच्या आसपास, तिने दुसऱ्या प्रकारची वही सुरू केली. ही वही चित्रांची नव्हती. ती रोजनिशी होती आणि तिने स्वतः तयार केलेल्या लिपीत लिहिलेली होती.

लिपीचे तंत्र सोपे होते. इंग्रजीतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक ठरलेले चिन्ह. काही चिन्हे ग्रीक-जर्मन अक्षरांसारखी, काही मनाने काढलेली. शिवाय काही आकडे शब्दांऐवजी वापरलेले. ‘टू’ या उच्चाराच्या सगळ्या शब्दांसाठी २ हा आकडा, तसेच ‘फोर’च्या उच्चारासाठी ४. आज मोबाइलवर मेसेज टाइप करताना मुले जे करतात, तेच ही मुलगी १४० वर्षांपूर्वी करत होती. सुरक्षेच्या दृष्टीने हे कुलूप तसे कच्चेच. पण अक्षर इतके बारीक आणि सरावाने हात इतका वेगवान, की बाहेरच्याला पानावर नुसत्या मुंग्या दिसाव्यात.

त्यात इतके लपवण्यासारखे काय होते? जवळजवळ काहीच नाही. पाहिलेल्या चित्रप्रदर्शनांवरची तिखट मते, वडिलांच्या मित्रांचे किस्से, राजकारण, लंडनमधल्या दंगली, प्रवास, पाळलेल्या प्राण्यांचे आजारपण. प्रेमप्रकरण नाही, घरातले भयंकर गुपित नाही. मग लपवायचे कशासाठी? तिच्या आयुष्यात तिची म्हणावी अशी खासगी जागा दुसरी नव्हतीच, हे उत्तर सर्वांत पटण्यासारखे आहे. वेळ कसा घालवायचा, कोणाला भेटायचे, कुठे जायचे हे सारे आईवडील ठरवत. वहीत काय लिहायचे हे मात्र तीच ठरवत होती.

१८८३ मधला प्रसंग पाहा. बर्ट्रम शाळेत गेला. बिअट्रिक्स सोळा संपून सतराव्या वर्षात. आता धडे संपले, दिवसभर चित्रे काढता येतील, असा तिचा हिशेब. तेवढ्यात आईने नवी गव्हर्नेस ठेवली : ॲनी कार्टर. ती बिअट्रिक्सपेक्षा अवघी तीन वर्षांनी मोठी आणि जर्मन शिकवणार होती. चित्रांचा वेळ हातून गेला म्हणून बिअट्रिक्सने त्या काळात वहीत केलेल्या नोंदी निराशेने भरलेल्या आहेत. शाळेत न गेल्याने आपण वाचलो असे म्हणणारी प्रौढ लेखिका आणि ही मुलगी, दोघी एकच आहेत.

ॲनीशी मात्र लवकरच गट्टी जमली. दोन वर्षांनी ॲनी लग्न करून गेली तरी मैत्री टिकली. या मैत्रीमुळे पुढे काय घडले, ते जरा नंतर पाहू.

पोस्टमन आणि अळंबी

तिशीकडे झुकलेली बिअट्रिक्स अजूनही आईवडिलांच्याच घरात होती. लग्न नाही, नोकरीचा प्रश्नच नाही. मध्ये संधिवाताच्या तापाने मोठे आजारपण काढलेले. १८९० मध्ये बेंजामिन सशाची काही चित्रे एका शुभेच्छापत्र छापणाऱ्या कंपनीला सहा पौंडांना विकली गेली, तीच काय ती कमाई. पण याच काळात तिच्या वह्यांमध्ये एक नवा विषय शिरला आणि त्याने बाकी सगळे मागे सारले. तो विषय म्हणजे अळंबी.

पावसाळ्यात आपल्याकडे कुजक्या ओंडक्यावर किंवा वारुळाजवळ उगवतात त्याच गटातल्या या बुरश्या. स्कॉटलंडच्या ओल्या रानात त्यांचे असंख्य प्रकार. सुरुवातीला तिला त्यांचे रंग आवडले म्हणून तिने त्या रंगवल्या. १८९२ च्या शरद ऋतूत डंकेल्डला तिची चार्ल्स मॅकिन्टॉश यांच्याशी ओळख झाली. मॅकिन्टॉश हे त्या भागातले टपाल वाटणारे पोस्टमन. रोज मैलोन्‌मैल पायपीट करता करता त्यांनी तिथल्या वनस्पतींचा इतका अभ्यास केला होता, की जाणकार त्यांना मानत. तरुणपणी लाकूड कापण्याच्या गिरणीतल्या अपघातात त्यांच्या एका हाताची बोटे गेली होती. अबोल, बुजरे गृहस्थ. त्यांच्याकडेही ना पदवी ना हुद्दा.

दोघांमध्ये एक व्यवहार ठरला. हिवाळ्यात मॅकिन्टॉश ताजी अळंबी टपालाने लंडनला पाठवायचे आणि बिअट्रिक्सने त्यांची चित्रे काढून एक प्रत त्यांना धाडायची. चित्र नुसते देखणे असून चालत नाही, हे तिला मॅकिन्टॉश यांच्याकडून कळले. अळंबी ओळखायची असेल तर ती उभी चिरून आतला भाग दाखवावा लागतो, छत्रीखालच्या पापुद्र्यांची मांडणी दाखवावी लागते, देठाचे बूड जमिनीखाली कसे आहे ते दाखवावे लागते. त्यानंतरची तिची चित्रे पाहिली तर फरक लगेच जाणवतो. एकाच कागदावर कोवळी अळंबी, पूर्ण उमललेली, उभी चिरलेली, आणि बाजूला तारीख व ठिकाण.

औपचारिक शिक्षण नसलेल्या दोन माणसांनी टपालाच्या पाकिटांतून चालवलेला हा अभ्यासक्रम होता. बिअट्रिक्सला लाभलेला सर्वांत चांगला शिक्षक कोण, असे विचारले तर गव्हर्नेसच्या आधी या पोस्टमनचे नाव घ्यावे लागेल.

प्रबंध मागे का घ्यावा लागला?

रंगवता रंगवता तिला प्रश्न पडू लागले. अळंबीपासून झडणाऱ्या धुळीसारख्या बीजाणूंचे पुढे काय होते? ते रुजतात का, आणि रुजतात तर कसे? तिने काचेच्या पट्ट्यांवर बीजाणू रुजवले आणि कित्येक तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून टप्प्याटप्प्याने त्यांची चित्रे काढली. वही आता नोंदवही राहिली नव्हती, प्रयोगवही झाली होती.

तिचे मामेकुळाकडून नव्हे, पण आत्याच्या यजमानांच्या नात्याने एक वजनदार माणूस पाठीशी होता : रसायनशास्त्रज्ञ सर हेन्री रॉस्को. १८९६ मध्ये ते तिला क्यू इथल्या शाही वनस्पती उद्यानात घेऊन गेले. तिथे अभ्यासासाठी येण्याचा परवाना मिळाला. बुरश्यांचे तज्ज्ञ जॉर्ज मॅसी यांनी आधी फारसे मनावर घेतले नाही, पण पुढे त्यांचे मत बदलले. संचालक विल्यम थिसल्टन-डायर यांचे मात्र बदलले नाही. त्यांनी रॉस्को यांना पाठवलेले पत्र इतके उद्धट होते, की रॉस्को यांनी ते तिला वाचायला दिले नाही.

शेवटी ‘अगॅरिसिनी’ गटातल्या अळंबींचे बीजाणू कसे रुजतात यावर तिने प्रबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीच्या सभेपुढे ठेवला गेला. लेखिका म्हणून नाव होते मिस हेलन बी. पॉटर. ती स्वतः सभेत नव्हती, कारण स्त्रियांना तिथे प्रवेशच नव्हता. प्रबंध मॅसी यांच्यामार्फत गेला.

समाजमाध्यमांवर ‘ती बाई असल्याने तिचा प्रबंध फेटाळला’ अशा पोस्ट फिरतात. नोंदी थोडे वेगळे सांगतात. आणखी काम करण्याची गरज असल्याचे तिला कळवण्यात आले आणि आठवड्याभराने तिच्या वतीने प्रबंध मागे घेण्यात आला. म्हणजे तो अधिकृतपणे फेटाळला गेला नाही. पण आपल्या कामावरची चर्चा स्वतः ऐकण्याचा, उत्तर देण्याचा, ओळखी करून घेण्याचा मार्गच बंद असेल तर ‘आणखी काम करा’ या सल्ल्याचा अर्थ काय उरतो? हा संशोधनातला नेहमीचा टप्पा होता. तो ओलांडायला जी माणसे आणि जी खोली लागते, ती तिच्यासाठी उपलब्ध नव्हती. घरच्या शिक्षणाची मर्यादाही इथेच दिसते. वही तुम्हाला पाहायला शिकवते, पण दार उघडून देत नाही.

लिनियन सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व द्यायला सुरुवात केली ती १९०४ मध्ये. १९९७ मध्ये, प्रबंधाला शंभर वर्षे झाल्यावर, संस्थेने तिला मिळालेली वागणूक योग्य नव्हती हे मान्य केले. मूळ प्रबंध आजवर सापडलेला नाही. सांकेतिक रोजनिशीही त्याच वर्षीच्या जानेवारीत थांबली. वय तीस.

वहीतून ससा बाहेर कसा आला?

आता ॲनी कार्टरकडे परत येऊ. लग्नानंतरच्या ॲनी मूर यांना मुले झाली आणि बिअट्रिक्स त्या मुलांना चित्रे घातलेली पत्रे लिहू लागली. थोरला नोएल सारखा आजारी असे.

३ सप्टेंबर १८९३ रोजी डंकेल्डजवळच्या ईस्टवुडला तिला एक दुर्मीळ अळंबी सापडली. काळपट, खवल्यांची, इंग्रजीत तिला ‘रानातला म्हातारा’ अशा अर्थाचे नाव आहे. तिने ती रंगवली. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, अंथरुणात पडलेल्या नोएलला काय लिहावे सुचेना म्हणून चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठवली. तीच पीटर रॅबिटची पहिली आवृत्ती. दोन दिवसांतली ही दोन पाने पाहिली की वैज्ञानिक बिअट्रिक्स आणि गोष्टी सांगणारी बिअट्रिक्स अशी विभागणी करण्यात काही अर्थ नसल्याचे कळते. टेबल एकच होते, रंगाची पेटीही एकच.

नोएलने ते पत्र जपून ठेवले. सात वर्षांनी तिने ते त्याच्याकडून परत मागून घेतले, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवली. एकामागून एक नकार आले. मग डिसेंबर १९०१ मध्ये तिने पदरच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली आणि पुढचे सर्वांना माहीत आहे.

पुढच्या पुस्तकांसाठीही ती जुन्या वह्यांकडेच वळत राहिली. मिसेस टिगी-विंकल ही धोबीण म्हणजे तिचीच हेजहॉग. चित्रासाठी तिला उभे केले की ती थोडा वेळ सहन करायची, मग जांभया द्यायची आणि शेवटी चावायची.

१९०५ च्या जुलैमध्ये तिचे संपादक नॉर्मन वॉर्न यांनी तिला मागणी घातली. ‘धंदेवाईक’ घरातला जावई आईवडिलांना नको होता. एकोणचाळिसाव्या वर्षी तिने प्रथमच त्यांचे न ऐकता होकार दिला. महिनाभरातच नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेले.

शेतकरी बाईचा ‘नेचर जर्नल’शी संबंध काय?

त्याच वर्षी पुस्तकांच्या पैशातून तिने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी या गावी हिल टॉप नावाचे शेत घेतले. पुढे जमिनी घेत गेली. त्या व्यवहारांत मदत करणारे स्थानिक वकील विल्यम हीलिस यांच्याशी १९१३ मध्ये लग्न केले. तेव्हा तिचे वय ४७. त्यानंतर ती प्रामुख्याने शेतकरी झाली. त्या डोंगरांतल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळण्यात तिचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. पुस्तके कमी झाली, डोळे अधू झाले. २२ डिसेंबर १९४३ रोजी तिचे निधन झाले तेव्हा तिने ४ हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टला ठेवली होती.

निअर सॉरीपासून काही मैलांवर ॲम्बलसाइड हे गाव आहे. तिथे शार्लट मेसन (१८४२-१९२३) या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १८९२ मध्ये गव्हर्नेस घडवणारी संस्था सुरू केली होती. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने अभ्यासक्रम पाठवण्याची त्यांची योजना होती. आज जगभरचे ‘होमस्कूलिंग’ करणारे पालक निसर्गवहीची जी पद्धत वापरतात ती बहुतांशी मेसनबाईंची. नियमित बाहेर जायचे, मुलाने स्वतः पाहिलेली वस्तू ब्रशने वहीत उतरवायची, नाव आणि तारीख लिहायची. मूल लिहू शकत नसेल तर ते सांगेल तसे आईने लिहायचे. आणि सर्वांत अवघड नियम : मोठ्यांनी त्या वहीत दुरुस्त्या करायच्या नाहीत, ती वही मुलाची.

बिअट्रिक्स ही मेसनबाईंची विद्यार्थिनी नव्हती. त्यांचे घरच्या शिक्षणावरचे पहिले पुस्तक १८८६ मध्ये आले तेव्हा बिअट्रिक्स विशीला टेकली होती आणि तिच्या वह्यांचे गठ्ठे केव्हाच तयार झाले होते. तरी मेसनबाईंचा तो शेवटचा नियम तिच्या बाबतीत आपोआप पाळला गेला होता. सुरवंटांच्या वहीत कोणाचीही लाल शाई नाही. रोजनिशीत तर कोणी लाल शाई फिरवूच शकणार नव्हते.

कुलूप कोणी उघडले?

मृत्यूच्या काही आठवडे आधी तिने एका चुलत बहिणीला लिहिलेल्या पत्रात, तरुणपणी आपण गुप्त लिपीत बरेच काही खरडत असू आणि आता ते आपल्यालाच भिंगातूनही वाचता येत नाही, असा ओझरता उल्लेख केला. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

१९५२ मध्ये तिच्या घरातल्या अशा कागदांचा गठ्ठा लेस्ली लिंडर यांच्या नजरेला आला. लिंडर पेशाने अभियंते, छंदाने पॉटरच्या चित्रांचे संग्राहक. पुढची काही वर्षे त्यांनी डोके लावले, पण उपयोग झाला नाही. १९५८ मध्ये ईस्टरच्या सोमवारी आता शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी एक पान उघडले. त्यावर रोमन आकड्यात सोळा आणि १७९३ हे साल दिसले. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याला देहदंड झाला ते हे साल. जवळच्याच एका शब्दात दुसरे अक्षर ‘एक्स’सारखे होते. तो शब्द इंग्रजीत ‘एक्झिक्युशन’ असणार, हे त्यांनी ताडले. एका शब्दातून इतकी अक्षरे हाती आली, की त्याच मध्यरात्रीपर्यंत जवळपास पूर्ण लिपी उलगडली. सगळ्या वह्या वाचून उतरवायला मात्र वर्षे लागली. त्या १९६६ मध्ये, तिच्या जन्मशताब्दीला, पुस्तकरूपाने आल्या. मजकूर दोन लाख शब्दांहून अधिक भरला. लिंडर यांचा संग्रह आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अळंबीची चित्रे कुठे गेली?

ती तिने ॲम्बलसाइडच्या आर्मिट ग्रंथालयाला देऊन ठेवली. आजही ती तिथेच आहेत. लिनियन सोसायटीच्या त्या सभेनंतर बरोबर सत्तर वर्षांनी, १९६७ मध्ये, बुरश्यांचे अभ्यासक डब्ल्यू. पी. के. फिंडले यांना सामान्य वाचकांसाठी रानातल्या अळंबी ओळखण्याचे पुस्तक काढायचे होते. अचूक रंगांतली, चिरून आतला भाग दाखवणारी चित्रे त्यांना हवी होती. त्यांनी त्या पुस्तकात मिस पॉटरची ५९ चित्रे छापली.